परदेशात भाड्याची गाडी घेताना इन्शुरन्स कसा निवडायचा, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वरूड-मोर्शीकडचे संत्रावाले, दारव्हा-पुसदकडचे दुकानदार, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी, बरीच मंडळी आता टूरवाल्याच्या बसमागं न लागता परदेशात स्वतः गाडी घेऊन फिरून राहिली. पोरगा नाही तर पोरगी पुण्या-बंगलोरहून तिकिटं काढून देते, गाडी ऑनलाइन बुक होते आणि तिथंच ते इन्शुरन्सचे चार-पाच चौकोन समोर येतात, कशावर टिक करायचं ते घरात कोणालाच सांगता येत नाही, मग एक तर सगळ्यावर टिक होते नाही तर एकावरही नाही. व्हिसा, हॉटेल, सोबत न्यायचा चिवडा यावर महिनाभर चर्चा चालते अन् या चौकोनांवर दोन मिनिटंही नाही, आणि पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात मोठा फटका नेमका इथूनच बसू शकतो. म्हणून जरा सविस्तर लिहून राहिलो, बुकिंगला बसाल तेव्हा समोर उघडून ठेवा.

कोणताही पर्याय समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारायचे. सगळ्यात वाईट झालं तर माझ्या खिशातून किती जाणार? ते पैसे आधी कोण भरणार, मी की कंपनी? आणि मी काय केलं तर हे कव्हर रद्द होणार? या तिन्हीची उत्तरं मिळाली की नावं कितीही इंग्रजी असू द्या, निवडता येते.

पायरी १: आधी लायसन, मग इन्शुरन्स

इन्शुरन्सच्या लेखात लायसन काहून आलं असं वाटेल, पण लायसन त्या देशात चालत नसेल तर वरचं सगळं कव्हर कागदावरच राहते, एवढं ते जुळलेलं आहे. आपल्या लायसनसोबत आयडीपी म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या. फॉर्म ४ए, फी १००० रुपये, अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर, आणि ज्या आरटीओत तुमचं लायसन आहे तिथून ते मिळते. मुदत एक वर्षाची, पण मूळ लायसन त्याआधी संपत असेल तर तेवढीच. दुबईत टुरिस्ट म्हणून गाडी घ्यायची तर आपल्या लायसनसोबत आयडीपी लागतेच, जपानमध्येही १९४९ च्या जिनिव्हा करारातलं आयडीपी लागते आणि भारत त्या करारात आहे. काही देशांत इंग्रजी लायसनवर भागते असं लोक सांगतात, पण हजार रुपयांसाठी ती रिस्क घेऊ नका, कारण पोलिसानं सोडलं तरी क्लेमवाला सोडत नाही.

आणि लायसनवर एलएमव्ही, म्हणजे कार चालवायची परवानगी, लिहिलेलं आहे ना ते डोळ्यानं पाहून घ्या. आपल्याकडं कित्येकांच्या लायसनवर फक्त मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर असते आणि कार वर्षानुवर्षं तशीच चालू असते, इथं गावात चालून जाते, तिकडं नाही. जुनं पुस्तकवालं लायसन असेल तर निघायच्या दोन-तीन महिने आधी स्मार्ट कार्ड करून घ्या, त्याशिवाय आयडीपीच्या वेळी धावपळ होते. वयाचंही पाहा, पंचविशीच्या आतल्या पोराला बऱ्याच ठिकाणी रोजचे जास्तीचे पैसे लागतात, आणि काही कंपन्या सत्तर-पंचाहत्तरच्या वर गाडीच देत नाहीत.

पायरी २: आपल्या घरच्या पॉलिसीवर भरवसा ठेवू नका

आमच्या शेजारच्या काकांनी मला विचारलं, "काहून गा, आपल्या गाडीचा तं फुल इन्शुरन्स हाय, तो तिकडं चालत नाही काय?" नाही काका, चालत नाही. आपली मोटर पॉलिसी ही त्या एका नंबरच्या गाडीची असते, माणसाची नसते. आणि ती भारताच्या हद्दीपुरती असते. जास्तीचे पैसे भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान इथपर्यंत वाढवता येते, पण तेही आपलीच गाडी तिकडं नेली तर. भाड्याच्या गाडीला तिचा काही उपयोग नाही.

एक फरक मात्र नीट समजून घ्या, कारण त्यातच सगळा घोळ होतो. आपल्याकडं क्लेम केला की सक्तीची कपात किती असते, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २०००. झिरो डेप, म्हणजे पार्ट जुने झाल्याची घट न कापणारं कव्हर असलं की बाकीचं कंपनी पाहते आणि आपण निवांत. तिकडं हीच कपात युरोपात लहान गाडीला साधारण १००० ते २००० युरो असते, ऑस्ट्रेलियात तर ३००० ते ५००० डॉलरपर्यंत जाते. एक युरो शंभर रुपये धरला तर लाख, दोन लाख. "इन्शुरन्स इन्क्लुडेड" असं लिहिलेलं वाचून आपला माणूस निवांत होतो, पण त्या इन्क्लुडेडच्या पोटात ही दोन लाखाची कपात बसलेली असते.

पायरी ३: चौकोनातली नावं ओळखून घ्या

सीडीडब्ल्यू, म्हणजे कोलिजन डॅमेज वेव्हर. यात गाडी देणारी कंपनी लिहून देते की गाडीला मार लागला तर एका ठरलेल्या रकमेच्या वर आम्ही तुमच्याकडून मागणार नाही. ती ठरलेली रक्कम म्हणजे एक्सेस, अमेरिकेत तिला डिडक्टिबल म्हणतात. एक्सेस दर घटनेला वेगळा लागू होऊ शकतो हे लक्षात ठेवा, सकाळी मागून ठोकली अन् संध्याकाळी पार्किंगच्या खांबाला घासली तर दोनदा. टीपी म्हणजे इथं थेफ्ट प्रोटेक्शन, चोरीचं कव्हर, त्यालाही असाच एक्सेस. एलडीडब्ल्यू असं लिहिलेलं असेल तर नुकसान आणि चोरी दोन्ही एकत्र.

सुपर सीडीडब्ल्यू, झिरो एक्सेस, फुल प्रोटेक्शन, मॅक्स कव्हर, नावं कंपनीगणिक वेगळी, काम एकच, तो एक्सेस कमी करणं किंवा शून्यावर आणणं. पण नाव फुल असलं तरी आत काय वगळलं ते वाचायचं, त्याच्यावर खाली येतो.

पीएआय नावाचं एक असते, ते गाडीतल्या माणसांच्या अपघाताचं. तुमचा ट्रॅव्हल इन्शुरन्स चांगला असेल, मेडिकलची रक्कम भरपूर असेल, तर हे बहुतेक वेळा डबल होते, सोडलं तरी चालते. सामानाच्या चोरीचं कव्हर असेल त्याचंही तेच.

पायरी ४: थर्ड पार्टी, देश पाहून

आपण कोणाला ठोकलं, माणूस जखमी झाला, तर त्याचं काय. हा भाग लोक सगळ्यात कमी पाहतात आणि खरा मोठा आकडा इथंच असतो, गाडी तर गेली तरी वीस-पंचवीस लाखाची जाईल.

युरोपियन युनियनमध्ये चिंता नाही. तिथं कायद्यानंच भाड्याच्या गाडीला मोठं थर्ड पार्टी कव्हर असते, शारीरिक इजेसाठी किमान मर्यादाच प्रत्येक माणसामागं १३ लाख युरो किंवा एका अपघातामागं ६४.५ लाख युरो अशी आहे. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून एसीसी नावाची सरकारी योजना आहे, अपघातात जखमी झालेल्याचा उपचार ती पाहते, चूक कोणाची हे न विचारता, बाहेरून आलेल्या पाहुण्यालाही. पण दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही, ते भाड्याच्या करारात आहे का तेवढं वाचा.

अमेरिकेचं प्रकरण वेगळं आहे आणि आपल्याकडचे आईबाप सगळ्यात जास्त तिकडंच जातात, पोरं तिथं आहेत म्हणून. तिथं थर्ड पार्टीची किमान मर्यादा राज्यागणिक बदलते आणि ती फार तोकडी असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ती वाढवली तरी एका जखमी माणसामागं ३० हजार डॉलरच आहे, आणि तिथला दवाखाना म्हणजे हाड मोडून दोन दिवस भरती राहिलं तरी हा आकडा जाऊ शकतो. वरचे पैसे मागायला समोरचा वकील घेऊन तुमच्या मागं लागतो. म्हणून अमेरिकेत एसएलआय म्हणजे सप्लिमेंटल लायबिलिटी, थर्ड पार्टीची मर्यादा वाढवणारं कव्हर, माझ्या मते घ्यायचंच, बहुतेक ठिकाणी ते ३ लाख ते १० लाख डॉलरपर्यंत नेते. पैसे वाचवायचे तर गाडी एक नंबर लहान घ्या, पण हे सोडू नका.

आणि बुक करताना "राहण्याचा देश" भारतच टाका. पोरगा त्याच्या अमेरिकेच्या अकाउंटवरून बुक करते तेव्हा रेट स्वस्त दिसतो, कारण तिथल्या रहिवाशांच्या रेटमध्ये एलडीडब्ल्यू नसते, त्यांच्या घरच्या पॉलिसीतून बहुतेक वेळा ते भागते. बाहेरून येणाऱ्यांच्या रेटमध्ये बऱ्याच मोठ्या कंपन्या एलडीडब्ल्यू आणि लायबिलिटी दोन्ही आतच धरतात. दोन्ही रेट शेजारी ठेवून पाहा, बाहेरून महाग दिसणारा बहुतेक वेळा खरा स्वस्त निघतो. आणि बाबा गाडी चालवणार असतील तर करारात बाबांचं नाव पाहिजे, पोराच्या पॉलिसीच्या भरवशावर बाबांच्या हातात स्टिअरिंग देऊ नका.

इथं एक गैरसमज काढून टाका. आपल्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये "पर्सनल लायबिलिटी" असे शब्द असतात, त्यावरून लोक समजतात की गाडीचंही त्यात आलं. गाडी चालवताना झालेलं नुकसान त्यातून जवळपास नेहमीच वगळलेलं असते.

पायरी ५: एक्सेसचं काय करायचं, हाच मुख्य निर्णय

समजा इटलीत आठ दिवस गाडी घेतली. सीडीडब्ल्यू आणि चोरीचं कव्हर तिथं बहुतेक भाड्यातच धरलेलं असते, एक्सेस १५०० युरो. आता तीन रस्ते.

पहिला, काहीच घ्यायचं नाही. खर्च शून्य, वाईट झालं तर दीड लाख रुपये आपले. ज्याला दीड लाख गेल्यानं झोप उडत नाही त्याच्यासाठी हा रस्ता ठीक आहे.

दुसरा, गाडीवाल्या कंपनीचंच झिरो एक्सेस घ्यायचं. दिवसाला २० ते ३० युरो, म्हणजे २५ धरले तर आठ दिवसांचे २०० युरो, वीस हजार रुपये. महाग आहे यात वाद नाही. पण गाडी घासली तर तुम्ही चावी देता, फॉर्म भरता आणि निघता, पैशाची गोष्टच निघत नाही.

तिसरा, बुकिंगच्या वेबसाइटचं कव्हर. दिवसाला ६ ते १० युरो, आठ दिवसांचे साठ-सत्तर युरो, सहा-सात हजार रुपये. हे स्वस्त काहून आहे ते समजून घ्या. यात गाडीवाली कंपनी तुमच्या कार्डातून नुकसानीचे पैसे आधी कापते, मग तुम्ही कागद गोळा करून वेबसाइटवाल्याकडं क्लेम करता आणि मग पैसे परत येतात. कागद म्हणजे भाड्याचा करार, गाडी घेतानाचा आणि देतानाचा तपासणी फॉर्म, नुकसानीचा रिपोर्ट, दुरुस्तीचं बिल, कार्डातून पैसे गेल्याचं स्टेटमेंट, लायसन-आयडीपी, आणि असेल तर पोलीस रिपोर्ट. एक कागद कमी पडला की ईमेलवर ईमेल, सगळे इंग्रजीत, आणि गाडीवाली कंपनी बिल पाठवायला कधी कधी आठवडे घेते.

इंटरनेटवर बहुतेक जण हाच तिसरा रस्ता सांगतात, स्वस्त आहे म्हणून. सांगणारे असतात पाच-सात लाखाची लिमिट असलेले, ईमेलवरच नोकरी करणारे लोक. माझं मत आपल्याकडच्या पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी वेगळं आहे. घरात एकच क्रेडिट कार्ड, त्याची लिमिट लाख-दीड लाख, परत आल्यावर सोयाबीन पेरायचं नाही तर कापसाचे चुकारे अजून यायचे, अशा वेळी दीड लाख दोन-तीन महिने अडकून पडणं परवडत नाही, मग क्लेम शेवटी मंजूर झाला तरी. अशा घरानं कंपनीचंच झिरो एक्सेस घ्यावं आणि ते काउंटरवर न घेता बुकिंगच्या वेळीच कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर घ्यावं, तिथं ते बऱ्याचदा स्वस्त पडते आणि मराठीत विचारायला घरचं पोरगंही सोबत असते. ज्याची लिमिट मोठी, ज्याला कागदपत्रांचा कंटाळा नाही, त्यानं खुशाल तिसरा रस्ता घ्यावा, आठ दिवसांत तेरा-चौदा हजार वाचतात.

आपल्या इकडच्या काही ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये "रेंटल व्हेइकल एक्सेस" असं कव्हर येते. तुमच्या पॉलिसीत ते आहे का पाहा आणि मर्यादा पाहा, १५०० चा एक्सेस असून कव्हर ५०० चं असेल तर वरचे हजार आपलेच. हेही नंतर परत मिळणाऱ्या प्रकारातलंच आहे. क्रेडिट कार्डावर फुकट कव्हर मिळते असं अमेरिकन लोक लिहितात ते त्यांच्या कार्डांचं, आपल्या बँकेच्या कार्डात लेखी दिसल्याशिवाय धरू नका. आणि वेबसाइटचं कव्हर घेताना ते भारतात राहणाऱ्याला चालते का तेही पाहा, काही पॉलिसी फक्त ब्रिटनच्या किंवा युरोपच्या रहिवाशांसाठी असतात, विकत देतात, क्लेमला नाकारतात.

पायरी ६: कार्ड

हा मुद्दा वरच्या निर्णयाशी जुळलेला आहे म्हणून इथंच. गाडी घेताना कंपनी कार्डावर डिपॉझिट अडकवून ठेवते आणि ते बहुतेक वेळा एक्सेसएवढं असते. म्हणजे १५०० युरो एक्सेस असेल तर दीड लाख लिमिट आधीच गेली, आणि वेबसाइटचं कव्हर घेतल्यानं हे डिपॉझिट कमी होत नाही, कारण गाडीवाल्याला त्या कव्हरचं काही घेणं-देणं नसते. कंपनीचंच झिरो एक्सेस घेतलं तर डिपॉझिट बरंच खाली येते. लिमिट कमी पडली की काउंटरवरचा माणूस सांगतो, आमचं फुल कव्हर घ्या नाही तर गाडी नाही, आणि लेकराबाळांना सामानासकट एअरपोर्टवर उभं करून कोण वाद घालणार, घ्यावंच लागते, तेही काउंटरच्या रेटनं.

क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागते. बायकोच्या नावाचं कार्ड आणि नवरा ड्रायव्हर, हे चालत नाही. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड डिपॉझिटला बहुतेक ठिकाणी घेत नाहीत. किसान क्रेडिट कार्डावर क्रेडिट लिहिलेलं असलं तरी ते यासाठी नाही, ते घरीच ठेवा. आरबीआयच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असते, परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागते आणि तिथंच परदेशाची लिमिट वेगळी असते, ती वाढवा, हे गावातून निघायच्या आधी करा कारण ओटीपी तिकडं वेळेवर येईलच असं नाही. मशीननं "रुपयात की युरोत" विचारलं तर युरो दाबा, रुपयात दाबलं की ते आपला रेट लावतात. कार्डाचा स्वतःचा चार्ज बऱ्याच बँकांत ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी असा असतो, तो हिशोबात धरा.

पायरी ७: कशानं कव्हर जाते

हे करारातलं सगळ्यात बारीक अक्षर आणि सगळ्यात कामाचं. साध्या सीडीडब्ल्यूमध्ये टायर, रिम, काचा, आरसे, गाडीचा खालचा भाग आणि छप्पर बहुतेक वेळा येत नाही. सुपर घेतलं की काच-टायर बऱ्याचदा येते, खालचा भाग येईलच असं नाही. हरवलेली चावी आणि चुकीचं इंधन तर क्वचितच कुठं येते. इंधनाचं मुद्दाम सांगतो, स्पेनमध्ये गॅसोलिना म्हणजे पेट्रोल आणि गॅसोलिओ म्हणजे डिझेल, इटलीत बेन्झिना म्हणजे पेट्रोल आणि गॅसोलिओ म्हणजे डिझेल, आणि युरोपात बहुतेक पंपांवर इंधन आपलं आपणच भरायचं असते. टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असते, भरायच्या आधी दर वेळी वाचा.

करारात नाव नसलेल्यानं गाडी चालवली तर सगळं कव्हर गेलं. आपल्याकडं लांबच्या रस्त्यावर "आता तू घे थोडा वेळ" असं म्हणून भाऊ, साळा, जावई सगळे हात लावतात, ती सवय विमानात बसायच्या आधीच सोडा, नाही तर दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे भरून त्याचं नाव टाका. दारू पिऊन चालवली तर काहीच शिल्लक राहत नाही, याच्यावर जास्त लिहायची गरज नाही.

मग देशादेशाच्या गोष्टी. आइसलँडमध्ये खडीचे रस्ते, त्यासाठी ग्रॅव्हल प्रोटेक्शन आणि राखेच्या वादळासाठी सँड अँड ॲश असं वेगळं विकतात, तिथं ग्रॅव्हल घेण्यात अर्थ आहे. पण तिथला वारा इतका जबरी की दार हातातून सुटून उलटं मोडते, आणि ते बहुतेक कव्हरमध्ये नसते, गाडी वाऱ्याकडं तोंड करून उभी करायची आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. नदीतून गाडी काढली आणि पाणी गेलं तर तेही आपल्याच अंगावर. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि उत्तरेकडचा नाइन्टी माइल बीच यावर भाड्याची गाडी बहुतेक कंपन्यांना चालत नाही, तिथं गाडी नेली की कव्हर संपलं. ऑस्ट्रेलियात कच्च्या रस्त्यावर साधी गाडी नेली की तेच, आणि आतल्या भागात काही कंपन्या सूर्य मावळल्यानंतर गावाबाहेर चालवायला मनाई करतात, कांगारू रस्त्यावर येतात म्हणून. आपल्याकडं रोही (नीलगाय) अंधारात कसा एकदम समोर येतो ते माहीत आहे, त्यामुळं हा नियम आपल्याला तरी पटायला पाहिजे.

सीमा ओलांडायची असेल, इटलीतून स्वित्झर्लंड, क्रोएशियातून बोस्निया, तर कंपनीची परवानगी लेखी घ्या, तोंडी "ओके" चालत नाही.

पायरी ८: गाडी ताब्यात घेताना

काउंटरवर टॅबलेट पुढं करतात आणि सही करा म्हणतात. थांबा. स्क्रीन वर सरकवा आणि "ऑप्शनल" खाली काय टिक झालेलं आहे ते पाहा, रोडसाइड, पीएआय, अपग्रेड, एकेक. नको असेल ते काढायला सांगा, आणि एकूण रक्कम बुकिंगच्या कागदाशी जुळवा. "तुमचं कव्हर इथं चालत नाही" असं म्हणतील, तुमच्याजवळ बुकिंगच्या वेळचं कंपनीचंच कव्हर असेल तर त्याची प्रिंट दाखवा, वेबसाइटचं असेल तर ते त्यांना मान्य असण्याची गरजच नसते, शांतपणे "नो थँक यू" म्हणा आणि डिपॉझिट द्या.

मग पार्किंगमध्ये जा आणि बैलबाजारात बैल घेताना दात, खूर, वशिंड पाहतो तशी गाडी चारी बाजूंनी पाहा. त्या लोकांनी दिलेल्या फॉर्मवर गाडीचं चित्र असते, जुन्या ओरखड्यांवर खुणा केलेल्या असतात. पार्किंग बहुतेक तळघरात असते, उजेड कमी, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या डाव्या रिमपासून सुरू करा. रिमची कड फुटपाथला घासलेली आहे का, बंपरच्या खालच्या कोपऱ्यात पांढरं पडलं का, समोरच्या काचेवर गहूभर टिपका आहे का, आरशाची पाठ, डिकीची कड जिथं सामान घासून चढवतात तिथं. बोट फिरवून पाहा, डोळ्याला न दिसणारा पोचा बोटाला लागते. जे फॉर्मवर नाही ते त्यांच्या माणसाला बोलावून लिहून घ्या आणि त्याची सही घ्या, तो "इट्स नथिंग, सर" म्हणेल तरी. मग एक सलग व्हिडिओ काढा, नंबर प्लेटपासून सुरू करून पूर्ण फेरी, आणि शेवटी आत बसून किलोमीटर आणि इंधनाचा काटा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाकडून समोरच्या काचेच्या जुन्या टिपक्याचे पैसे मागितले होते, त्यांच्याजवळ घेतानाचा व्हिडिओ होता, तो पाठवला आणि विषय तिथंच संपला.

पायरी ९: ठोकलीच तर

आधी माणसं पाहा. मग जागेवरच फोन लावा, युरोपात ११२, अमेरिकेत ९११, न्यूझीलंडमध्ये १११, ऑस्ट्रेलियात ०००, दुबईत पोलीस ९९९, जपानमध्ये पोलीस ११०. आपल्याकडं "जाऊ द्या भाऊ, मिटवून घेऊ" म्हणून पाच हजारात भागते, तिकडं तसं अजिबात करू नका. दुबईत पोलीस रिपोर्टशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही आणि कंपनी पूर्ण पैसे तुमच्याकडून घेते, रिपोर्टमध्ये चूक समोरच्याची निघाली तर बहुतेक कंपन्या एक दिरहम मागत नाहीत. जपानमध्येही पोलिसांना न कळवता निघालात तर कव्हर लागू होत नाही. शिवाय तिथं एनओसी म्हणजे नॉन-ऑपरेशन चार्ज असतो, गाडी दुरुस्तीत असताना कंपनीचा धंदा बुडतो त्याचे बहुतेक वीस हजार येन किंवा त्याहून जास्त, साध्या सीडीडब्ल्यूमध्ये तो येत नाही, त्यासाठी वेगळं छोटं कव्हर मिळते आणि ते घ्यावं.

समोरच्याच्या कागदावर "माझी चूक आहे" असं लिहून देऊ नका. फोटो, समोरच्याचा नंबर, त्याच्या इन्शुरन्सचं नाव, साक्षीदार असेल तर त्याचा नंबर. मग गाडीवाल्या कंपनीला त्याच दिवशी कळवा, करारावर इमर्जन्सी नंबर असतो, तो गाडी घेतानाच मोबाइलमध्ये सेव्ह करा.

पायरी १०: गाडी परत देताना

ऑफिस उघडं असताना द्या. रात्री पेटीत चावी टाकून निघालात तर सकाळी त्यांचा माणूस पाहीपर्यंत गाडी तुमच्याच जबाबदारीवर असते. त्यांच्यासमोर तपासणी करून "नो न्यू डॅमेज" असं लेखी घ्या, लेखी देत नसतील तर त्यांच्या पार्किंगमध्ये उभी करून परत तसाच व्हिडिओ काढा. भरलेल्या टाकीच्या पंपाची पावती ठेवा.

डिपॉझिट सुटायला आठवडा ते महिना लागते, तेवढ्यात बँकेला फोन करून हैराण होऊ नका. महिन्यावर गेलं तर कराराचा नंबर टाकून गाडीवाल्या कंपनीला ईमेल करा. क्लेम करायचा असेल तर पॉलिसीत किती दिवसांत कळवायचं ते लिहिलेलं असते, घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीच पहिला ईमेल टाकून ठेवा, कागद मागून पाठवता येतात. ते कार्ड लगेच बंद करू नका. इटलीत जुन्या शहरांच्या आत झेडटीएल नावाचे भाग असतात, तिथं कॅमेरे असतात, चुकून गाडी गेली की दंड, आणि तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याचे वेगळे पैसे गाडीवाली कंपनी कार्डातून कापते. दंडाची नोटीस परदेशातल्या माणसाला ३६० दिवसांच्या आत पाठवता येते आणि कोणतंच एक्सेस कव्हर दंड भरून देत नाही. त्यामुळं करार, फॉर्म, व्हिडिओ सगळं ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा आणि वर्षभर तरी पुसू नका.